कापूस, काळी माती आणि आरपार दिसणारा कागद



आपल्या कार्यक्रमाकडे नेहमी येणाऱ्या पत्रांत मागे एक वेगळेच पत्र आले. लिहिणारे कापूस उत्पादक आहेत. ते लिहितात, की आमच्या गावात एक गृहस्थ मोटार घेऊन आले होते. त्यांनी काचेसारख्या स्वच्छ कागदाचा एक तुकडा दाखवला आणि सांगितले, की हा कापूस आणि माती यांपासून केलेला आहे, प्लॅस्टिकची जागा आता हाच घेणार. तुमची पऱ्हाटी आम्ही चांगल्या भावाने उचलू, त्यासाठी आज एकरी अमुक रुपये भरून नाव नोंदवा. पत्राच्या शेवटी प्रश्न आहे, "साहेब, मातीचा कागद आरपार दिसेलच कसा? हे खरं आहे की थाप?"

त्या बंधूंना आधी एवढेच सांगतो, की कागद खरा आहे. असा कागद होतो. नोंदणीच्या पैशांबद्दल शेवटी बोलू. तोपर्यंत पैसे खिशातच असू द्या.

आता मातीतून आरपार कसे दिसेल, हा प्रश्न अगदी रास्त आहे. पण त्याचे निम्मे उत्तर आपण बाजाराच्या दिवशी हातात धरून असतो. भजी कशात बांधून देतात? जुन्या रद्दी कागदात. घरी येईपर्यंत कागदाला तेलाचे डाग पडतात, आणि जिथे डाग पडला तिथून पलीकडचे बोट दिसू लागते. कागद तोच, तंतू तेच, मग दिसायला कसे लागले? कागद हा झाडाच्या बारीक तंतूंचा थर असतो. तंतू आणि तंतू यांच्यामध्ये हवा असते. उजेड तंतूतून हवेत, हवेतून पुन्हा तंतूत असा उड्या मारत जातो, प्रत्येक उडीला थोडा विखुरतो, आणि म्हणून कागद पांढरा दिसतो. तेल त्या फटींत शिरले, हवा हटली, की उजेडाच्या उड्या थांबतात. म्हणजे कागद पांढरा दिसतो तो मधल्या हवेमुळे. तंतूंना स्वतःचा पांढरा रंग नसतो. ओव्हरसियर लोक नकाशे काढायला जो ट्रेसिंग पेपर वापरीत, तोही असाच. त्याचा लगदा इतका कुटलेला असतो, की तंतू एकमेकांना चिकटून मधे हवेला जागाच राहत नाही.

समजा हे कुटणे आणखी पुष्कळ पुढे नेले, तर? माणसाचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. कापसाचा किंवा लाकडाचा तंतू उकलत उकलत गेले, की आत त्याचे सूक्ष्म धागे सापडतात, काही तर अवघे ३-४ नॅनोमीटर रुंदीचे. उजेडाची लहर ४०० ते ७०० नॅनोमीटरची. इतक्या बारीक धाग्याची उजेडाला अडचणच वाटत नाही, जसा बैलगाडीच्या चाकाला ज्वारीचा दाणा वाटत नाही. अशा धाग्यांचे पाण्यातले मिश्रण दाट पेजेसारखे दिसते. ते सपाट भांड्यात ओतून वाळवले, की खाली उरतो तो स्वच्छ, आरपार दिसणारा, कडक पापुद्रा. या धाग्यांचे द्रव्य म्हणजे सेल्युलोज. वनस्पतीचा सांगाडाच त्याचा. १८३८ साली फ्रान्सच्या आन्सेल्म पायेन या रसायनशास्त्रज्ञाने ते वेगळे करून दाखवले. आपल्या सरकीवरच्या रुईत ते ९० टक्क्यांहून अधिक असते. पऱ्हाटीत आणि उसाच्या चिपाडात ढोबळमानाने ४० टक्क्यांच्या आसपास. बाकीचे बरेचसे लिग्निन आणि इतर द्रव्ये, ती आधी काढून टाकावी लागतात. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

हे झाले कापसाचे. आता मातीकडे वळू.

काळ्या जमिनीत राबणाऱ्याला माती फुगते आणि आकसते हे सांगायला नको. उन्हाळ्यात अशा भेगा पडतात की कोकराचा पाय अडकावा, आणि मृगाच्या दोन सरी झाल्या की भेगा मिटतात, बूट टाकला तर किलोभर चिखल घेऊन वर येतो. याचे कारण त्या मातीत असलेले माँटमोरिलोनाइट जातीचे खनिज. फ्रान्समधल्या माँटमोरिलाँ गावावरून हे नाव पडले. दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन आपल्याकडे जी माती झाली, तिच्या चिकण भागात याच कुळातली खनिजे भरपूर आहेत. त्याचा कण म्हणजे गोटी नव्हे. तो पुस्तकासारखा असतो, पानावर पान, पानावर पान. एकेक पान सुमारे एक नॅनोमीटर जाड, पण शेकडो नॅनोमीटर रुंद. पाणी पानापानांत शिरते म्हणून माती फुगते. पाणी पुरेसे मिळाले आणि घुसळले, की पुस्तक सुटून पाने मोकळी होतात.

बी.एस्सी. ॲग्रीच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला मातीचे प्रात्यक्षिक असे. उंच काचेच्या नळीत माती आणि पाणी घुसळायचे आणि हायड्रोमीटर सोडायचा. वाळू मिनिटभरात तळाला जाई. पोयटा थोडा वेळ घेई. पण चिकणमातीचे पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळच. तेव्हा मला त्याचा कंटाळा येई, नळ्या धुऊन ठेवायच्या असत ना! आज वाटते, ते गढूळ पाणी म्हणजेच या कागदाचा निम्मा कच्चा माल होता. तुम्हीही घरी काचेच्या पेल्यात चमचाभर काळी माती, चिमूटभर धुण्याचा सोडा आणि पाणी घालून ढवळून ठेवा. सकाळी वरचे पाणी बघा.

पाने मोकळी झाली की केवढी होतात, ऐका. एक ग्रॅम शुद्ध माँटमोरिलोनाइटची सगळी पाने सुटी केली आणि दोन्ही बाजू मोजल्या, तर ७०० ते ८०० चौरस मीटर भरतात. आपल्या हिशेबाने जवळपास सात ते आठ गुंठे. एका ग्रॅममध्ये! या पानांवर ऋण विद्युतभार असतो. तुम्ही टाकलेले पालाश आणि अमोनिया काळ्या जमिनीत धरून ठेवले जातात ते याच भारामुळे. आणि रसायनांनी तयार केलेल्या सेल्युलोजच्या धाग्यांवरही ऋण भारच असतो. दोघे एका जातीचे, म्हणून एकमेकांना ढकलतात. त्यामुळे पाण्यात दोन्ही मिसळले तर गुठळ्या होत नाहीत, छान एकजीव पसरतात. वाळताना मात्र पाने आडवी निजतात, धागे त्यांच्यामध्ये शिवण घालतात, आणि कौलांवर कौल चढावे तसे शेकडो थर केसाहून पातळ कागदात बसतात. पान इतके पातळ, की उजेड निघून जातो. माती असून आरपार दिसते ती अशी. अर्थात मातीचे प्रमाण थोडे असेपर्यंतच हं. माती वाढवत गेले की कागद धुरकट होतो.

पण माती घालायचीच कशाला? साधे सांगतो. प्राणवायूला वाट वाकडी करून द्यायची म्हणून. नुसत्या प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीतून प्राणवायू आत झिरपत असतो. दिसत नाही, पण शेंगदाणे दोन-तीन महिन्यांत खवट झाले की कळते. मिरचीपूड आणि हळद यांचा रंग उतरतो, बेदाणा काळपट पडतो, त्यातही प्राणवायूचा आणि उजेडाचा हात असतो. मातीची पाने आडवी घातलेल्या कागदात वायूच्या कणाला सरळ जाता येत नाही. एका पानाला वळसा, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. गल्लीबोळांच्या जुन्या गावठाणात नवखा माणूस जसा फिरत राहतो तसे.

माझ्या आजीची कणगी होती. तुरीच्या काड्यांची विणलेली, आतून-बाहेरून शेण आणि माती कालवून लिंपलेली. शेणात गवताचे तंतू, म्हणजे सेल्युलोज. मातीत खनिज. तंतू मातीला तडे जाऊ देत नाहीत आणि माती तंतूंच्या फटी बुजवते. घराच्या भिंतीचा गारा करताना त्यात भुसा घालतात तोही यासाठीच. आज शास्त्रज्ञ ज्याला 'सेल्युलोज-खनिज संकरित फिल्म' म्हणतात, ती तत्त्वाने आजीच्या कणगीची सख्खी नात आहे. फरक इतकाच, की आजीच्या लिंपणाची जाडी बोटभर आणि हिची मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतकी. आजीला दर वर्षी दिवाळीनंतर कणगी पुन्हा लिंपावी लागे. का, ते पुढे बघू, कारण सगळी मेख तिथेच आहे.

सेल्युलोजचा आरपार कागद तसा नवा नाही. स्वित्झर्लंडचे ब्रँडेनबर्गर यांनी १९०८ साली सेलोफेन काढला. लाकडाचा लगदा कॉस्टिक आणि कार्बन डायसल्फाइड या विषारी द्रवाने विरघळवून, पुन्हा पातळ पापुद्र्यात गोठवून तो करतात. तो आरपार होता, पण ओलावा आत सोडत असे. १९२७ साली अमेरिकेत हेल चार्च यांनी त्यावर पातळ लाखेसारखा लेप देऊन ती खोड काढली, आणि मग सेलोफेन जगभर गेला. पुढे स्वस्त प्लॅस्टिक आले आणि तो मागे पडला. नाव मात्र टिकले. मिठाईच्या डब्यावरच्या प्लॅस्टिकलाही लोक सेलोफेनच म्हणत. ते प्लॅस्टिकचे वेष्टनही १ जुलै २०२२ पासून देशभर बंदीच्या यादीत आहे, हे हलवाई-मंडळींच्या ओळखीच्यांनी त्यांना आठवण करून द्यावे.

तंतू न विरघळवता नुसता उकलायचा, ही कल्पना नंतरची. लगदा जबर दाबाने बारीक छिद्रातून पुन्हा पुन्हा दडपून सूक्ष्म धागे मिळतात, हे अमेरिकेतल्या टर्बॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली छापले. पण वीज इतकी लागे की टनामागे हजारो युनिटांचा हिशेब. मग जपानमध्ये टोकियो विद्यापीठात इसोगाई, साइतो यांनी २००६ च्या सुमारास लगद्यावर आधी एक रासायनिक प्रक्रिया करून धागे अगदी हलक्या घुसळणीने सुटे होतात असे दाखवले. त्या कामाबद्दल त्यांना आणि निशियामा यांना २०१५ चे मार्कुस वालेनबर्ग पारितोषिक मिळाले. वन आणि लाकूड या विषयातले हे मोठे पारितोषिक. त्याच टोकियोच्या गटाने २०१२ साली अशा धाग्यांत माँटमोरिलोनाइट मिसळून फिल्म केल्या. शंभरात पाच भाग माती घातलेली फिल्म सर्वांत मजबूत निघाली. तिची ताण सोसण्याची ताकद ५०० मेगापास्कलच्या घरात, म्हणजे घराच्या स्लॅबला आपण जी सळई घालतो तिच्या जवळपास! कोरड्या हवेत प्राणवायू तर नावालाच आत जाई. त्याआधी २०११ साली स्वीडनमध्ये स्टॉकहोमच्या तांत्रिक विद्यापीठात माती जास्त घालून केलेल्या फिल्म चटकन पेट घेत नाहीत, असेही दिसले होते.

आपल्याकडेही हात बांधून कुणी बसलेले नाही. मुंबईला माटुंग्यात केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे. १९२४ पासून ती कापसावर काम करते. तिथे २०१५ साली सेल्युलोजचे सूक्ष्म धागे करण्याचा पथदर्शी कारखाना उभा राहिला. सरकीला चिकटून राहणारी आखूड रुई, म्हणजे लिंटर, त्यासाठी कच्चा माल म्हणून चालते. याच संस्थेचे जिनिंगचे प्रशिक्षण केंद्र नागपूरला आहे, ते तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलेही असेल.

इतके ऐकल्यावर कुणालाही वाटेल, की मग अडले कुठे? आता मी माझी स्वतःची एक चूक सांगतो. अधिकाऱ्याने रेडिओवर चुका सांगू नयेत असे म्हणतात, पण ही सांगितल्याशिवाय पुढचे कळायचे नाही.

आमच्या तालुक्यातल्या एका गावात महिलांचा बचत गट शेंगदाण्याची चिक्की करतो. चांगली चिक्की. एका जिल्हा प्रदर्शनात त्यांची चिक्की प्लॅस्टिकच्या पिशवीत बघून मी म्हणालो, "ताई, गिऱ्हाईक आता प्लॅस्टिक नको म्हणते. झाडापासून केलेला पारदर्शक कागद मिळतो, त्यात भरा. भाव दोन रुपये जास्त येईल." एका व्यापाऱ्याकडून मीच तो कागद मागवून दिला. दिसायला सुरेख. त्याने प्राणवायू अडतो, असे मी कुठे तरी वाचले होते आणि ते खरेही होते. जून महिन्यात साठ किलो चिक्की भरून ठेवली, श्रावणातल्या सणांसाठी. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात गटाच्या अध्यक्षबाईंचा फोन आला. जाऊन पाहतो तो एकेक पाकीट चिकट. गूळ सुटलेला, वडी वाकवली तर मोडेना, लवत होती. मी गप्प उभा. बाई रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "साहेब, हा कागद तर पाणी पेते! आम्हाला इच्यारलं असतं त सांगतलं असतं. कणगी पावसाळ्यात दमट होते हे आमच्या सासूलेही माहीत व्हतं."

साठ किलोपैकी दहा-बारा किलो कशीबशी विकली. उरलेली गुरांच्या आंबोणात गेली. गटाने त्यासाठी बँकेकडून उचल घेतली होती. तो हप्ता त्यांनी मजुरीला जाऊन भरला. मी माझ्या पगारातून थोडे देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत. त्यापेक्षा घेतले असते तर बरे वाटले असते.

झाले होते काय? मी दिलेला कागद म्हणजे लेप नसलेला साधा सेलोफेन. १९२७ साली ज्या दोषावर उपाय निघाला, तो दोष मी शंभर वर्षांनी गावात नेऊन पोहोचवला. सेल्युलोजला पाण्याचे फार वेड. कापसाचा पंचा घाम टिपतो तो या गुणामुळे, आणि पंच्यात जो गुण तोच पाकिटात अवगुण. हवा कोरडी असेल तर धागे एकमेकांना घट्ट धरून असतात आणि प्राणवायूला वाट देत नाहीत. हवेत ओलावा वाढला, की पाण्याचे कण धाग्यांमध्ये शिरतात, पकड सैल होते, आणि मग ओलावाही आत आणि प्राणवायूही आत. 'प्राणवायू अडवतो' या वाक्यात 'कोरड्या हवेत' हे दोन शब्द राहून गेले की चिक्की जाते.

माती घातल्याने हा दोष कमी होतो, कारण वळसे वाढतात. पण पूर्ण जात नाही. कसा जाणार? काळी माती तरी पाण्यापासून कुठे अलिप्त आहे! आपण आत्ताच बोललो, की ती पाण्याने फुगते. म्हणजे दोन पाणीवेड्यांची सोयरीक जुळवली, तर संसार कोरडा कसा राहील? म्हणूनच कणगी दर वर्षी लिंपावी लागे.

यावर शास्त्रज्ञांनी जो एक उपाय शोधला आहे, तो ऐकून तुम्हाला ओळखीचा वाटेल. चोपण जमिनीत आपण जिप्सम का टाकतो? मातीच्या पानांवर सोडियम बसलेला असतो, त्यामुळे पाने पाण्यात विस्कटतात, जमीन चोपते. जिप्सममधला कॅल्शियम सोडियमला हटवून त्याच्या जागी बसतो. सोडियमला एकच हात, कॅल्शियमला दोन. दोन हातांनी तो दोन बाजूंना धरतो आणि कण एकत्र बांधले जातात. अगदी तसेच, तयार झालेली सेल्युलोजची फिल्म कॅल्शियमच्या किंवा तीन हातांच्या ॲल्युमिनियमच्या क्षारपाण्यात भिजवली, तर धागे आपसांत बांधले जातात, ओल्या हवेतही पूर्वीइतके सैल पडत नाहीत. आपली चोपण सुधारण्याची युक्ती टोकियोच्या प्रयोगशाळेत, म्हणा ना. याशिवाय मेणाचा किंवा दुसऱ्या द्रव्याचा पातळ लेप हा मार्ग आहेच. पण लेप प्लॅस्टिकचा असेल, तर 'मातीत टाकला की माती होतो' हा दावा तिथेच संपला, हेही ध्यानात घ्या. लेप नसलेल्या फिल्ममधले सेल्युलोज जमिनीतले जिवाणू खातात आणि माती मातीत मिळते.

दुसरी अडचण खर्चाची. धाग्यांची पेज फार पातळ असते. शंभर भागांत एक-दोन भाग धागे आणि बाकी पाणी. म्हणजे एक किलो कागदासाठी पन्नास ते शंभर लिटर पाणी उडवायचे. ते उन्हात वाळवून व्यापार होत नाही, आणि बॉयलर लावला तर इंधन आले. घरच्या गुऱ्हाळात रस आटवताना किती चिपाड जळते हे ज्याने पाहिले आहे, त्याला मी आकडे सांगायची गरज नाही. शिवाय शेतातली काळी माती जशीच्या तशी चालत नाही. तिच्यात चुनखडीचे खडे, लोहाचे अंश, सेंद्रिय द्रव्य असते. कारखान्याला शुद्ध बेंटोनाइट लागते, ते गुजरातमध्ये कच्छला आणि राजस्थानात बाडमेरकडे खाणींतून निघते. तुम्ही 'बेंटोनाइट सल्फर' नावाने गंधकाच्या ज्या गोळ्या टाकता, त्या जमिनीत ओलाव्याने फुगून फुटतात त्या याच मातीमुळे. तेव्हा तुमच्या शेतातली माती कुणी कागदासाठी विकत मागत असेल, तर वरचा सुपीक थर मुळीच उचलू देऊ नका. तो पुन्हा व्हायला आपल्या नातवंडांचेही आयुष्य पुरणार नाही.

बरं, मग पाकिटाचे काय करायचे? त्या बचत गटाबरोबर बसून आम्ही पुढे जे केले ते सांगतो. दाणे आधी नीट वाळवले. शेंगांत ओलावा ९ टक्क्यांच्या आत, दाण्यांत ७-८ च्या आत हवा. याहून जास्त असला तर पिवळी बुरशी येते आणि तिचे विष आरोग्याला घातक असते, पाकीट कितीही भारी असो. पावसाळ्याचा माल घट्ट झाकणाच्या, धुऊन परत वापरता येणाऱ्या बरण्यांत आणि डब्यांत, जवळच्या बाजारासाठी, थोडा-थोडा. लांबच्या बाजारासाठी ओलावा अडवणारे पाकीट, आणि ते गोळा करून परत आणणाऱ्या दुकानदाराला पाकिटामागे थोडी सूट. सेल्युलोजचा कागद त्यांनी सोडून दिला नाही बरं का. दिवाळी ते होळी, हवा कोरडी असताना आणि माल महिनाभरात खपणार असेल तेव्हा, तो अजून वापरतात. गिऱ्हाईकही खूश. पण चिठ्ठीवर तारीख मोठ्या अक्षरात घालतात.

कुणी असा नवा कागद विकायला आले, तर घरच्या घरी पारखायचे दोन मार्ग आहेत. चिमट्यात धरून, घराबाहेर, एक छोटा तुकडा पेटवा. सेल्युलोजचा कागद कागदासारखा जळतो, जळक्या कागदाचा वास येतो, मागे राख उरते. वितळून थेंब गळू लागले, दोरा ओढला गेला, तर ते प्लॅस्टिक किंवा प्लॅस्टिकचा लेप. याच कारणाने निव्वळ सेल्युलोजचे पाकीट हातशिलाईच्या गरम यंत्राने चिकटत नाही, डिंकाने चिकटवावे लागते. दुसरी पारख पापडाची. तळलेला पापड त्यात घालून तोंड नीट बंद करा आणि पावसाळी दिवसांत पाण्याच्या माठाजवळ चार दिवस टांगून ठेवा. पापड कुरकुरीत राहिला तर पुढे बोलू. नरम पडला तर व्यापाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा.

मोठी खरेदी करायची असेल तर प्रयोगशाळेचा दाखला मागा, आणि त्यात एकच आकडा आधी शोधा: ३८ अंश सेल्सियस उष्णता आणि ९० टक्के आर्द्रता असताना, एका चौरस मीटरमधून चोवीस तासांत किती ग्रॅम वाफ जाते. पुष्कळदा कोरड्या हवेतला आकडा पुढे करतात. तो खोटा नसतो, पण श्रावणात आपल्या कामाचा नसतो. 'कंपोस्ट होणारे प्लॅस्टिक' म्हणून कुणी विकत असेल, तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र आणि आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक विचारा. नुसते पिशवीवर हिरवे पान छापलेले असून भागत नाही.

आता पत्र पाठवणाऱ्या बंधूंना. पऱ्हाटी हेक्टरी दोन-तीन टन निघते आणि आपल्यापैकी पुष्कळजण ती बांधावर रचून ठेवतात किंवा पेटवून देतात. तिच्यातून सेल्युलोज काढता येते हे खरे. पण मघाशी सांगितलेला फरक आठवा. लिंटरमध्ये ते जवळजवळ तयार असते, पऱ्हाटीत निम्म्याहून कमी, आणि लिग्निन काढायचा खर्च वेगळा. म्हणून या पारदर्शक कागदासाठी तुमच्या शिवारातली पऱ्हाटी कुणी सोन्याच्या भावाने नेईल, असे समजून हिशेब मांडू नका. ब्रिकेट, पेलेट, भुसा-फळी यांच्या कारखान्यांना ती लागते, जवळ असा कारखाना असेल तर तिथे भाव विचारा. तो रोकडा व्यवहार आहे. विकत घेणारा माणूस आपल्याला पैसे देतो. जो आपल्याकडूनच पैसे मागतो, तो विकणारा. मग तो नेमके काय विकतो आहे, ते बघायला हवे. त्याच्याकडे कारखान्याचा पत्ता, नोंदणी क्रमांक आणि करारनामा मागा, आणि तो कागद तालुका कृषी अधिकाऱ्यांना दाखवा. सही त्यानंतर.

आणि भाव मिळो न मिळो, पऱ्हाटी शेतात उभी ठेवू नका, बांधावर रचूही नका. गुलाबी बोंडअळी तिथेच पुढच्या हंगामाची वाट बघत बसते. फरदड घेण्याचा मोह टाळा, हंगाम संपला की यंत्राने पऱ्हाटीचा भुगा करून तो जमिनीत गाडा किंवा कंपोस्टच्या खड्ड्यात टाका.

पापडाची पारख कुणी करून पाहिली, तर काय झाले ते आम्हाला पत्राने जरूर कळवा. पाकिटाचा लहान तुकडा पत्रासोबत पाठवलात तर आणखी चांगले. नमस्कार.